नापसंत झालेले नाटक

1855 साली पुण्यात 28 वर्षांच्या एका शाळाचालकाने एक छोटे नाटक लिहिले आणि ते दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नापसंत केले. नाटकाचे नाव ‘तृतीय रत्न’ आणि लेखकाचे नाव जोतीराव फुले. हे नाटक छापून वाचकांच्या हाती आले ते 1979 साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून. मधे 124 वर्षे गेली होती.

मराठीत संपादकाने न स्वीकारलेले लेखन ‘साभार परत’ येते. कोणत्याही संस्थेचा आधार नसलेल्या लेखकाला हे दोन शब्द पाठ असतात. नोकरी नाही, विद्यापीठ नाही, संपादक ओळखीचा नाही. हातात फक्त बाड आणि ते कोणाकडे पाठवायचे हा प्रश्न. आपण समजतो की हा प्रश्न आजच्या बाजाराने निर्माण केला. प्रत्यक्षात मराठीत छापील गद्य उभे राहत होते तेव्हापासूनच तो आहे. ‘तृतीय रत्न’ची हकिकत त्यासाठी नीट पाहण्याजोगी आहे, कारण ज्या दारातून हे नाटक परत आले, ते दार उघडण्याच्या कामात स्वतः फुल्यांचाही हात होता.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. नव्या इंग्रज सरकारने ही प्रथा एकदम मोडली नाही. तिच्यातला काही पैसा विद्येकडे वळवला. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशावर. 1849 मध्ये पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादी या नावाने लिहिणारे गोपाळ हरी देशमुख त्यांत पुढे होते. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांना धाक घालण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा फुले दोनशे कष्टकरी माणसे घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

ही गोष्ट लहान नव्हती. जन्माने मिळणारा पैसा आता लेखनाने मिळू लागणार होता. लेखकाने हस्तलिखित पाठवावे, कमिटीने ते पाहावे, पसंत पडल्यास रक्कम द्यावी. राजाच्या किंवा सरदाराच्या मर्जीवर न राहता लिहिणाऱ्याला मोबदला मिळण्याची ही मराठीतली एक पहिली रीतसर सोय. शिवाय दक्षिणा फंडातून फुल्यांच्या शाळांनाही मदत मिळत होती. नोव्हेंबर 1852 मध्ये शिक्षणकार्यासाठी सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला तोही विश्रामबागवाड्यातच. म्हणजे 1855 साली ते कमिटीकडे गेले ते कोणी परका, अनोळखी माणूस म्हणून नव्हे. शाळा काढणारा फुले व्यवस्थेला चालत होता. नाटक लिहिणारा फुले चालला नाही.

नाटकात असे काय होते? एक जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्याकडून आणि तिच्या नवऱ्याकडून पैसे उकळतो. विदूषक मधूनमधून प्रेक्षकांना या लुबाडणुकीचा अर्थ सांगत राहतो. पुढे एका पाद्र्याची गाठ पडते, वादविवाद होतो आणि शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. विद्या हा माणसाचा तिसरा डोळा, हे नाटकाचे सूत्र. ज्या पैशाचा उगमच ब्राह्मणांच्या दक्षिणेत होता, त्या पैशातून दक्षिणा मागणाऱ्या जोश्यावरच्या नाटकाला बक्षीस मागितले गेले होते.

फुल्यांनी हा प्रसंग पुढे ‘गुलामगिरी’त सांगितला आहे. कमिटीतल्या आग्रही ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा त्यांचा आरोप आहे. तो लेखकाचा आरोप आहे हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट उरते. बक्षिसाचा पैसा कोणाचा, यावर पुण्यात वाद झाला आणि बदलही झाला. हस्तलिखित कोण वाचणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. वाचणारी माणसे एकाच थरातली असतील, तर नियम कितीही खुले असले तरी निवड खुली राहत नाही.

त्याच वर्षीची दुसरी एक घटना याच्या शेजारी ठेवू. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ने छापला. ‘ज्ञानोदय’ हे 1842 साली अहमदनगरला सुरू झालेले मिशनऱ्यांचे पत्र. सरकारी कमिटीचे दार बंद असताना मिशनचे दार उघडे होते. पण त्या दाराचीही स्वतःची अपेक्षा होती, आणि फुले ख्रिस्ती झाले नाहीत.

तिसरा मार्ग उरला तो स्वतःच्या खिशाचा. नाटक नापसंत झाल्यावर फुल्यांनी ते बाजूला ठेवले आणि काही वर्षांनी ‘ब्राह्मणांचे कसब’ स्वखर्चाने छापले. ते 1869 साल होते. मधली 14 वर्षे रिकामी नव्हती. पण छापील लेखक म्हणून ती गेलीच. फुले सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. मराठी गद्यातले काही सर्वांत धारदार लेखन त्या कमाईच्या आधाराने उभे राहिले आहे. ‘गुलामगिरी’ 1873 ची. कंत्राटे नसती तर तिचे काय झाले असते, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. ज्याला कंत्राटे मिळत नव्हती, अशा कोणाचे तरी बाड तेव्हाही कुठे पडून असेलच.

गंमत अशी, की फुल्यांचे कडवे टीकाकारही याच निष्कर्षाला आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे वडील कृष्णशास्त्री सरकारी भाषांतरकार होते. मुलाने 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली आणि सात वर्षांत तिचे 84 अंक एकहाती लिहिले. 1879 मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि स्वतंत्र छापखान्याच्या उद्योगाला लागले. त्यातून आर्यभूषण छापखाना उभा राहिला. लेखकाला स्वातंत्र्य हवे तर छापखाना आपला हवा, हे दोघांनाही पटले होते. पण याच चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडवली. कमिटीत जे बंद दाराआड झाले, ते इथे उघडपणे झाले. शुद्धलेखन ही वस्तू निरुपद्रवी दिसते. पण कोणाला लेखक म्हणायचे हे ठरवण्याची ती एक सोयीची चाळणी आहे.

आपल्याच माणसांचे पत्र असले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली लिहून पुरा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ने, म्हणजे सत्यशोधकांच्याच पत्राने, पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. फुले संतापले. मग त्यांनी जुनाच मार्ग धरला. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ‘असूड’ लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. मराठीत पुस्तक छापण्याला आपण ‘प्रसिद्ध करणे’ म्हणतो. फुल्यांनी पुस्तक पूर्ण न छापता प्रसिद्ध केले. ज्या शेतकऱ्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते छापून पोचलेच नसते, हेही खरे.

1885 साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना बोलावले. 30 वर्षांपूर्वी पसंतीसाठी हस्तलिखित ठेवणारा हा लेखक आता गेला नाही. जे सर्व माणसांचे हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने पाठवले. ‘ज्ञानोदय’ने ते छापले. बाहेर ठेवला गेलेला लेखक आणि बाहेर राहणारा लेखक यांत फरक आहे. तो फरक पडायला 30 वर्षे लागली.

हे सगळे मी लिहिते ती अनुवादक म्हणून, आणि इथे मला माझ्या धंद्याचाही हिशेब द्यायला हवा. दक्षिणा प्राइझच्या काळात भाषांतरांना मोठे उत्तेजन मिळाले. इंग्रजी आणि संस्कृत ग्रंथ मराठीत आणणारे पंडित माझे पूर्वज. त्यांनी घडवलेल्या वाक्यांवर मी आजही उभी आहे, आणि त्यांना मी कमी लेखणार नाही. पण भाषांतर कमिटीला सोयीचेही होते. मूळ ग्रंथ आधीच मान्यता पावलेला, लेखक दूरचा किंवा केव्हाच मेलेला. पुण्यातल्या कोणाचे नाव त्यात येण्याची भीती नाही. कुणबी नवराबायकोचे नाटक मात्र शेजारच्याच गल्लीतले होते. आजही परभाषेतल्या दुःखाला आम्ही चटकन दाद देतो आणि शेजारच्या दुःखाचे बाड आले की भाषा कच्ची आहे असे म्हणतो. मी स्वतः एका अंकासाठी आलेली हस्तलिखिते वाचताना हा शेरा मारला आहे. आता तो लिहिताना हात थबकतो.

‘तृतीय रत्न’ आज फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आहे, अभ्यासक्रमांत आहे, मराठीतल्या आरंभीच्या सामाजिक नाटकांत त्याची गणना होते. न्याय झाला असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते नाटक 1855 च्या प्रेक्षकांसाठी लिहिले होते. त्यातली ती गरोदर बाई ज्यांना पाहायची होती, त्यांनी ती पाहिली नाही. 1890 साली फुले वारले तेव्हा नाटक हस्तलिखितातच होते.