आपोआप रीस्टार्ट होणारा संगणक : एका बिघाडाचा इतिहास

१/
बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातले दिंद्रुड. रात्री जेवणे आटोपल्यावर एखाद्या घरात गेमिंगचा संगणक सुरू होतो. खेळ रंगात येतो, पंख्यांचा आवाज चढतो आणि अचानक पडदा काळा पडतो. काही सेकंदांत यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ना सूचना, ना खुलासा. दुकानात निदान बहुधा एका वाक्यात होते : "ग्राफिक्स कार्ड गेले." त्या वाक्याची किंमत चार-पाच क्विंटल कापसाच्या पैशांइतकी असू शकते.

२/
हे निदान मान्य करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. यंत्र कोसळले, की त्याला कोणी थांबायला सांगितले? संगणकाच्या इतिहासात या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत. पहिल्या पिढीची यंत्रे नुसती बंद पडत. पुढच्या पिढ्यांना स्वतःला सावरण्यासाठी थांबायला आणि नव्याने सुरू व्हायला शिकवले गेले.

३/
१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'एनिॲक' जगासमोर आला. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला जवळपास १५० किलोवॅट वीज लागे. ट्यूब निकामी होत त्या बहुतेक यंत्र तापताना किंवा निवताना. म्हणून ते शक्यतो बंदच न करण्याचा मार्ग पत्करला गेला. तरीही त्याचा बिघाडाविना सलग चालण्याचा विक्रम ११६ तासांचाच होता, आणि तोही १९५४ सालचा.

४/
मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० ट्यूब, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. इतक्या भागांपैकी दोषी कोण, हे सगळेच बदलून ठरवता येत नाही. एकेक भाग तपासून संशयितांची यादी लहान करणे, एवढाच मार्ग उरतो. आजही तोच आहे.

५/
२० जुलै १९६९. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना संगणकाने '१२०२' हा इशारा दिला. एका रडारच्या वीजपुरवठ्यातील विसंगतीमुळे संगणकावर निरर्थक कामाचा भार पडला होता. त्याने दुय्यम कामे सोडली, स्वतःला रीस्टार्ट केले आणि आवश्यक कामे चालू ठेवली. यान उतरले. तेथे रीस्टार्ट हा रोग नव्हता, उपाय होता. आणि मूळ कारण संगणकाच्या बाहेर, विजेच्या जोडणीत होते.

६/
१९८१ च्या आयबीएम पीसीने ही सावधगिरी घराघरांत नेली. त्याच्या पॉवर सप्लायमधून मदरबोर्डकडे 'पॉवर गुड' नावाचा संकेत जाई. वीज योग्य असेपर्यंत संकेत टिकतो. तो हरपला की प्रोसेसर जागीच रोखला जातो आणि संकेत परतताच पहिल्यापासून सुरू होतो. आजच्या गेमिंग संगणकातही हाच पहारेकरी उभा आहे. क्षणार्धात होणाऱ्या रीस्टार्टमागे पुष्कळदा त्याचाच हुकूम असतो.

७/
भारतातील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. वीज तुटल्यावर संगणकाच्या पॉवर सप्लायने तग धरावा अशी अपेक्षा असते ती साधारण १६-१७ मिलिसेकंदांची. दिवा जरासा लुकलुकला, घरातल्यांच्या लक्षातही आले नाही, तेवढ्यात खेळ संपलेला असतो.

८/
येथे बीड जिल्ह्याचा इतिहास कामी येतो. याच जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून उभे आहे. तेच केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी थांबवावे लागले. भारनियमनाची वर्षे मराठवाड्याने सोसली आहेत. वीज जवळ तयार होते म्हणून घरातल्या प्लगपर्यंत ती स्थिर पोहोचते असे नाही. लांबलेल्या तारा, भारावलेले ट्रान्सफॉर्मर आणि एकाच वेळी सुरू होणारे शेतीपंप व्होल्टेज खाली ओढतात.

९/
मग खेळतानाच का? कारण ग्राफिक्स कार्डची भूक सपाट नसते; ती मिलिसेकंदाहून कमी काळासाठी उसळते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने अशा उसळ्यांची दखल घेतली : पॉवर सप्लायने अत्यल्प काळ आपल्या क्षमतेच्या दुप्पट भारही सोसावा, असे त्यात म्हटले आहे. जुना किंवा हलका पॉवर सप्लाय अशा वेळी हात टेकतो, आणि दोष मात्र कार्डावर येतो.

१०/
दुसरा संशयित मेमरी. १९७८ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिले की चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्याच्या अत्यल्प अंशामुळेही मेमरीतला बिट उलटू शकतो. चुकीच्या बिटमुळे विंडोज निळा पडदा दाखवून थांबू शकते. पण २००१ च्या विंडोज एक्सपीपासून अशा वेळी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मुळातच चालू असे. त्यामुळे पुरावा वाचण्याआधीच पुसला जाऊ लागला. म्हणून ती सोय प्रथम बंद करावी.

११/
नंतर दप्तर वाचावे. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडते. ती कारण सांगत नाही. मागचा शेवट रीतसर झाला नाही, एवढेच सांगते. तिच्यातील 'बगचेक कोड' शून्य असेल तर विंडोजला लिहायला वेळच मिळाला नसण्याची शक्यता मोठी. संशय वीज किंवा उष्णतेवर. कोड शून्य नसेल तर मेमरी आणि ड्रायव्हर तपासावेत. उष्णतेने थांबलेले यंत्र बहुधा बंदच राहते, हाही एक धागा.

१२/
तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. धूळ काढावी, केबल घट्ट बसवाव्यात, खेळताना तापमान पाहावे. ओव्हरक्लॉकिंग आणि मेमरीचे वाढीव प्रोफाइल काढून पाहावे. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा. पुरेशा क्षमतेचा यूपीएस किंवा चांगला पॉवर सप्लाय कोणाकडून तरी उसना आणून जोडावा. एका वेळी एकच बदल. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणे व्होल्टेज राहू शकते.

१३/
सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. प्रत्येक रीस्टार्टची वेळ, चालू असलेला खेळ, दिवा लुकलुकला का, गावात पंपांची वीज केव्हा आली, हे आठ-दहा दिवस लिहून ठेवावे. नोंदींच्या वेळा आणि पंपांच्या वेळा जुळू लागल्या, तर ग्राफिक्स कार्ड विकत घेण्याआधी ती वही दुकानदारापुढे ठेवावी.