कयानीच्या रांगेत

सायकल काढा. साठीच्या दशकातलं पुणं आहे, शनिवार पेठेतून निघायचंय आणि कॅम्प गाठायचाय. लक्ष्मी रस्त्यानं थेट पूर्वेला चला. घंटी वाजवत राहा, पण टांग्याचा घोडा बिचकणार नाही एवढं बघा. भवानी पेठेच्या बाजूनं गुळाचा वास येतो, क्वार्टर गेट मागे पडलं की मोठाल्या झाडांची सावली लागते. मानेवरचा घाम जरा वाळतो.

ईस्ट स्ट्रीटवर वळलात? आता पत्ता विचारायची गरज नाही. तापलेलं लोणी, साखर आणि लाकडाचा धूर, तिन्ही मिळून तुम्हाला नाकाला धरून ओढतात. सायकल भिंतीला टेकवा, कुलूप लावा आणि गर्दीत शिरा.

इथं कुणी कुणाची जात विचारत नाही, फक्त 'शेवटचे कोण?' विचारतात. पुढे एक पारशी आजी, मागे सदर्न कमांडचा जवान, बाजूला शाळेचा डबा बगलेत धरलेला पोरगा. कोपर लागतं, चप्पल तुडवली जाते. आतून पत्र्यांचा खणखणाट येतो, मागची भट्टी उघडली की उष्ण वाफ थेट तोंडावर. लाकडाच्या आचेला काटा नसतो. ती ओळखायची भट्टीजवळच्या माणसानं, डोळ्यानं आणि हातानं.

गल्ल्यामागचं कुटुंब इराणी. खोदायार आणि होर्मझदियार या दोघा भावांनी १९५५ मध्ये ही कयानी बेकरी सुरू केली. याझ्द-केर्मानच्या मुलखातून आलेल्या अशा इराण्यांनी आपल्या शहरांना चहा, ब्रुन-मस्का, मावा केक दिला. यांनी श्रूजबेरी दिली. मूळचं बिस्किट इंग्लंडातल्या त्याच नावाच्या गावाचं, पण आज ते पुण्याचं म्हणूनच ओळखलं जातं, आणि मला ते पूर्ण न्याय्य वाटतं. मैदा, लोणी, साखर कुणाकडेही असते. किती, कशी, किती वेळ, हे त्या घरानं जपलं.

आला तुमचा नंबर. पुडा अजून गरम आहे, तळहाताला चटका बसतो, कागदावर लोण्याचे डाग उमटतात. एक इथंच खा. दातांखाली बारीक कुरकुर, मग जिभेवर सगळं विरघळतं. दुसरं खाऊ नका, घरी साखर रेशनवर येते, पोरं पुडा मोजून घेतील. आजी आधी विचारेल, ‘अंडं नाही ना घातलेलं?’ मग चहात बुडवून खाईल. मुंबईच्या आत्यासाठी निम्मा पुडा बाजूला ठेवा, उद्या डेक्कन क्वीननं कुणीतरी जातंय.

आता आजच्या पुण्यात या. कयानी ईस्ट स्ट्रीटवरच आहे, आणि रांगही आहे. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा सकाळीच निघा.