खालच्या दाढेचे तिसरे मूळ

खालच्या जबड्यातील पहिल्या कायमच्या दाढेला बहुधा दोनच मुळे असतात, एक पुढे आणि एक मागे. काहींच्या दाढेत मागच्या मुळाला लागून, जिभेच्या बाजूला, तिसरे मूळ फुटते. ते आखूड असते आणि बहुधा गालाकडे वळलेले असते. व्हिएन्नाचे दंतवैद्य गेओर्ग काराबेल्ली यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची पहिली नोंद मिळते. गालाच्या बाजूच्या जादा मुळाचे वर्णन शरीररचनाशास्त्रज्ञ बोल्क यांनी १९१५ मध्ये केले.

या नोंदी बराच काळ कुतूहलापुरत्याच राहिल्या, कारण दुखरी दाढ सरसकट उपटून टाकली जाई. १९३८ मध्ये सिंगापूरला काम करणारे दंतवैद्य ट्रॅटमन यांनी जिभेच्या बाजूचे हे मूळ कोणत्या लोकांत किती आढळते याकडे लक्ष वेधले. युरोपीयांत त्याचे प्रमाण शेकडा पाचाच्या आतच राहते, तर पूर्व आशियात आणि आर्क्टिक प्रदेशातील लोकांत ते अनेक पटींनी वाढते. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टी टर्नर यांनी १९७१ मध्ये याच फरकाच्या आधारे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या आशियाई उगमाचा माग काढला.

महाराष्ट्रात दातांवरून माणसांचा माग काढण्याचे ठळक काम इनामगावच्या अवशेषांवर झाले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केले. तिथली पहिली वस्ती माळवा संस्कृतीची आहे. तिचीच रंगीत भांडी भोपाळच्या नैऋत्येला, नर्मदाकाठच्या नावडाटोलीतही सापडली होती. इनामगावकर आपली मेलेली मुले घराच्या जमिनीखाली पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवत आणि त्यांत पोर असे. या मुलांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला.

मुळांच्या प्रश्नाला मात्र अशा दफनांचा उपयोग मर्यादितच. पहिल्या कायमच्या दाढेचा माथा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पुरा होतो, पण मुळे पुरी व्हायला नववे-दहावे वर्ष उजाडते. मुळे फुटू लागण्याआधीच मेलेल्या मुलाच्या दाढेला किती मुळे फुटली असती, हे कळण्याचा मार्ग नाही. प्रौढ सांगाड्यात मृत्यूनंतर दाढ गळून गेली असली तरी जबड्यातील खाचा मोजून मुळांचा हिशेब लागतो.

जिवंत माणसाचे मूळ पाहण्याची सोय एक्स-रेने झाली. १८९६ मध्ये ओटो वाल्खॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्याला २५ मिनिटे लागली. पण समोरून घेतलेल्या एक्स-रेत तिसरे मूळ मागच्या मुळाआड दडते. कोन बदलून तिरका एक्स-रे घेतला, तर ते वेगळे दिसते. रूट कॅनॉल करताना त्यातील नलिकेचे तोंड जिभेच्या बाजूला शोधावे लागते. ते सुटले की नलिकेतला जंतुसंसर्ग तसाच राहतो. दाढ काढताना हे वाकडे मूळ मोडून जबड्यातच अडकण्याचीही भीती असते. १९९० च्या दशकाअखेरीस कोन बीम सीटी (त्रिमितीय एक्स-रे) आल्यावर आडव्या छेदात तिन्ही मुळे वेगळी दिसू लागली.

म्हणून रूट कॅनॉल होऊनही खालची दाढ ठणकत राहिली, तर ती काढून टाकण्याआधी तिसऱ्या मुळाचा शोध घेतला का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.