दोर

दोर (पुल्लिंगी नाम). वाखाचे, सुताचे किंवा काथ्याचे पेड एकत्र वळून केलेली, बांधण्याच्या व ओढण्याच्या उपयोगाची लांब वस्तू. माधवनगर, बुधगाव, कवलापूर या सांगलीलगतच्या गावांत दोराला नाव पडते ते त्याच्या कामावरून. जाडी आणि लांबी नंतर.

सर्वांत भरगच्च शब्दसंपत्ती बैलाभोवती आहे. नाकातून ओवतात ती वेसण (बोलण्यात ‘येसण’), तोंडाभोवती घालतात ती म्होरकी, खुंटीला बांधायचे ते दावे, अनेक जनावरे ओळीने बांधायची ती दावण आणि औत किंवा गाडी हाकताना हातात राहतो तो कासरा. एकाच वाखाचा दोर तोडून दोन तुकडे केले, तर एक दावे होतो आणि दुसरा कासरा. बेंदराच्या सणाला हा सगळा साज नवा घेतात. कासऱ्याने वेळही मोजत. सूर्य उगवून थोडा वर चढला की ‘दिवस कासराभर वर आला’ असे म्हणत. वेळ सांगणारा इतका डोळ्यांना दिसणारा शब्दप्रयोग मराठीत क्वचितच सापडेल. तो बोलण्यात टिकायला हवा.

बैलांकरवी विहिरीचे पाणी काढणाऱ्या मोटेला दोन दोर लागत. मोटेचे तोंड वर ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा. तो वरच्या चाकावरून जाई. खालच्या कण्यावरून जाणारा बारीक दोर म्हणजे सोल. तो मोटेची सोंड धरून ठेवी. बैल धावेवर उतरले की दोन्ही दोर एकदम ताणले जात आणि पाणी थारोळ्यात पडे. १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली. पुढे तिथून पंप बाहेर पडू लागले, विहिरींवर इंजिने आली आणि मोटेबरोबर सोल हा शब्दही मागे पडला. आज ‘नाडा’ म्हटले की तरुणांना कपड्याचाच आठवतो.

हे दोर वळणाऱ्यांची नोंद कोशांतून फार तुटपुंजी येते. बलुतेदारीत हे काम मातंग समाजाकडे होते. घायपात (केकताड) किंवा अंबाडी पाण्यात कुजवायची, धुऊन वाख काढायचा, वाळवायचा, पीळ द्यायचा आणि पेड वळायचे, असे हे कष्टाचे काम. कुजत्या पाण्यात तासन्‌तास हात घालणाऱ्या या माणसांच्या कसबावर गावाची शेती चाले, आणि त्यांना मात्र गावाबाहेर ठेवले जाई. वाळवा तालुक्यातील वाटेगावी १९२० मध्ये याच समाजात साहित्यिक अण्णा भाऊ साठे जन्मले.

भाषेत दोर जागोजाग आहे. महागाईला वेसण घालतात, पक्ष माणसांना दावणीला बांधतात, कंटाळवाणे लांबण लावणारा चऱ्हाट वळतो, अपघातातून वाचलेल्याच्या आयुष्याची दोरी बळकट असते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ‘परतीचे दोर कापणे’ हा प्रयोग १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईच्या कथेशी जोडला जातो: तानाजी पडल्यावर सूर्याजीने पळणाऱ्या मावळ्यांना दोर कापल्याचे सांगितले, अशी ती कथा. वर्तमानपत्रांतील ‘मुसक्या आवळल्या’ मात्र बैलाच्या मुसक्यावरून आलेले नाही. मुसक्या बांधणे म्हणजे हात पाठीमागे करकचून बांधणे. ही गल्लत नेहमी होते.

दोर, दोरी, दोरा हे त्रिकूट व्याकरणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मराठीत ‘आ’कारान्त रूप सहसा मोठी वस्तू दाखवते आणि ‘ई’कारान्त लहान: सुरा-सुरी, गाडा-गाडी. दोर आणि दोरी यांत लहानमोठेपणा आहेच, पण दोरा दोरीहून बारीक. यंत्रमागांच्या माधवनगरात मागावरचे ते सूत, सुईतला तो दोरा. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती शिवतात ती सुतळी, तिला दाभण लागतो.

मैदानावरच्या दोर ओढण्याच्या खेळाला रस्सीखेच म्हणतात, दोरखेच कोणी म्हणत नाही. दोर याच अर्थाचा ‘रज्जू’ पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत आणि रज्जुमार्गात उरला आहे.

आता गोठ्यात नायलॉन आला आहे आणि जुनी नावे त्यालाही चिकटली आहेत. दावे नायलॉनचे असले तरी दावेच. नायलॉन पाण्याने कुजत नाही, म्हणून बांधायला सोयीचा. पण नाकाच्या नाजूक कातडीला तो काचतो, तेव्हा वेसणीसाठी मऊ सुती दोरच बरा.