वसईचा कोट आणि उज्जयिनी

वसईच्या कोटात छप्पर ढासळलेली चर्चे आणि दर्या दरवाजा पाहताना या सागरतीराचा आपल्या माळव्याशी काही संबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः तो निकटचा आहे. मांडू जिंकणाऱ्या गुजरातच्या बहादूरशहानेच हुमायूनच्या धास्तीने १५३४ साली वसई पोर्तुगीजांस दिली.

पुढे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत राणोजी शिंदे व मल्हारराव होळकर एकत्र लढले. सुरुंगांनी तट फोडून मे महिन्यात मराठ्यांनी कोट घेतला व शरणागतांस सुखरूप जाऊ दिले.

पुढे या दोन घराण्यांत वैर माजले. जुलै १८०१ मध्ये उज्जयिनीजवळ यशवंतराव होळकरांनी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांच्या संयुक्त सैन्याचा. पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला, तो याच वसईत. पुढील वर्षी असईच्या रणांगणावर शिंद्यांनी त्याचे मोल चुकविले.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या दोन सरदारांच्या छावण्यांबरोबरच माळव्यात आले. वसईस जाणाऱ्या उज्जयिनीकराने १७३९ बरोबर १८०२ चेही स्मरण ठेवावे. एकीने जिंकलेल्या कोटाच्या छायेतच दुहीने स्वातंत्र्य गहाण पडले.