चांद्याच्या मुलखाचं नाव अंटार्क्टिकाला

प्रश्नमंजूषेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाखंडाला भारतातल्या कोणत्या प्रदेशाचं नाव आहे? उत्तर एका शब्दाचं, गोंडवाना. गुण मिळतो आणि पुढचा प्रश्न येतो. पण या उत्तराची कुळकथा त्या एका गुणापेक्षा फार मोठी आहे, आणि तिचे बरेच धागे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जमिनीत रुतलेले आहेत.

गोंडवाना म्हणजे गोंडांचा मुलूख. मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्यं होऊन गेली : गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा. यातलं चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. इथल्या राजांची गादी आधी बल्लारपूरला होती, मग झरपटच्या काठी परकोटाचं शहर उभं राहिलं. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या त्याच्या वेशी आजही उभ्या आहेत. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य खालसा केलं. राज्य गेलं तरी मुलखाचं नाव लोकांच्या तोंडी आणि सरकारी कागदांत टिकून राहिलं. गोंड मात्र स्वतःला कोयतूर म्हणवतात. ‘गोंड’ हे इतरांनी दिलेलं नाव, आणि तेच पुढे जगभर फिरलं.

इंग्रजांना रेल्वेसाठी कोळसा हवा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लोक दामोदरच्या खोऱ्यापासून गोदावरीपर्यंत नद्यांची पात्रं आणि दरडी पाहत हिंडत होते. वर्धा खोऱ्यात त्यांना वरोरा, घुग्गुस, बल्लारपूर या भागात कोळसा सापडला. वरोऱ्याची खाण 1870 च्या दशकात सुरू झाली आणि तिच्यासाठी लोहमार्गही आला. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावर सविस्तर वृत्तांत लिहिला, तो 1877 चा.

या भटकंतीत एक घोळ झाला होता. ज्याला जिथे खडक दिसले, त्यानं तिथल्या नदीचं, डोंगराचं, संस्थानाचं नाव त्यांना देऊन टाकलं : तालचेर, दामुदा, महादेव, पंचेत, राजमहाल. खरं तर हे सगळे थर एकाच मोठ्या मालिकेचे होते. नद्यांच्या आणि सरोवरांच्या गाळाचे, एकावर एक साचलेले. त्या साऱ्यांना मिळून एक नाव हवं होतं. सातपुडा आणि नर्मदेच्या भागात बरंच काम केलेल्या हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट या आयरिश भूवैज्ञानिकानं 1872 मध्ये आपल्या एका अहवालात ते सुचवलं. जिथे हे खडक उत्तम दिसतात तो मुलूख गोंडांचा, म्हणून ‘गोंडवाना’. तो अहवाल तेव्हा छापलाच गेला नाही. नाव पहिल्यांदा छापलं गेलं 1876 मध्ये, ओटोकार फाइस्टमांटेल या बोहेमियाहून आलेल्या वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञाच्या लेखात.

फाइस्टमांटेलच्या हाती होती पानं, दगडात उमटलेली. त्यांतलं सगळ्यांत महत्त्वाचं ग्लोसोप्टेरिस, जिभेच्या आकाराचं, मध्ये ठळक शीर असलेलं पान. पॅरिसच्या ब्रोंन्यार या शास्त्रज्ञानं 1828 मध्येच त्याला नाव दिलं होतं. हीच पानं ऑस्ट्रेलियात मिळत होती, आफ्रिकेत मिळत होती. मधे तर अथांग समुद्र. व्हिएन्नाचा एडुआर्ट झ्यूस यानं 1885 मध्ये मांडलं की भारत, मादागास्कर आणि आफ्रिका ही कधी काळी सलग भूमी असावी. तिला त्यानं नाव दिलं गोंडवाना-लँड. ‘वाना’त मुलूख आलाच होता, त्याला पुन्हा ‘लँड’ची जोड लागली. आजचे भूवैज्ञानिक बहुधा नुसतं गोंडवानाच म्हणतात.

झ्यूसला वाटलं, मधली जमीन बुडाली. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनरनं 1912 मध्ये वेगळं सांगितलं : काही बुडालं नाही, खंडंच एकमेकांपासून सरकत गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथक पोहोचलं, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड मिळाले. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस होतं. वर्ध्याच्या काठच्या कोळशातलं झाड अंटार्क्टिकातही वाढत होतं, याचा तो पुरावा. ही हकीकत शाळेत शिकवताना गोंडवाना या शब्दाशी जोडून सांगितली, तर मुलं तो शब्द जन्मात विसरणार नाहीत.

आणि आता या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग. चंद्रपूरचा उन्हाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत त्याचं नाव असतंच. याच चांद्याजवळ, इरई गावापाशी (शहराला लागून वाहणारी इरई नदी वेगळी) पैनगंगेच्या पात्रात फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाला एक विलक्षण खडक दिसला. अतिप्राचीन चुनखडी घासून गुळगुळीत झालेली, तिच्यावर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे आणि चर, वर लहानमोठ्या गोट्यांचा थर. पाणी असे ओरखडे काढत नाही. ते काढतो सरकता बर्फ, पोटात धरलेल्या दगडांनी. फेडननं 1875 मध्ये हे प्रसिद्ध केलं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता, बर्फाखाली होता. मग बर्फ वितळला, दलदली झाल्या, त्यांत ग्लोसोप्टेरिसची रानं वाढली, गाडली गेली, आणि त्यांचा कोळसा झाला. तोच कोळसा आज चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या औष्णिक वीजकेंद्रात जळतो. तापलेल्या शहराच्या पायाखाली बर्फाच्या खुणा आहेत, हे इथल्या प्रत्येक मुलाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कथेचा शेवटचा टप्पा गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात. प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या चुनखडीत माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या पाद्र्यानंही त्या थरांचा अभ्यास केला होता. गोंडवाना मालिकेतल्या ज्युरासिक काळातल्या या खडकांना ‘कोटा’ हेच नाव आहे. 1958 पासून सिरोंचाच्या पोचमपल्ली गावाजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींना डायनासोरची प्रचंड हाडं मिळू लागली. संख्याशास्त्राच्या संस्थेत भूविज्ञानाचा विभाग उघडला होता प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी, आणि त्यासाठी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं होतं. हाडांपैकी मांडीचं एक हाड माणसाएवढं लांब. मुख्य उत्खनन झालं 1961 मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. म्हणून 1975 मध्ये त्या डायनासोरचं बारसं झालं ते ‘बारापासॉरस टागोराय’ असं : मोठ्या पायाचा, टागोरांचा. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. त्याची एक प्रतिकृती सिरोंचात यायला हवी. जवळच वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे ती शोभेल.

नावात बंगाली आलं, गोंडी किंवा तेलुगू आली नाही. तरी कोट्याची आठवण राहिली. 1981 मध्ये याच थरांतल्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचं नाव ठेवलं गेलं, कोटाथेरियम हाल्डेनी. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याआधी त्यात गडचिरोलीतलं गाव येतं.