एशिया नावाचा लघुग्रह

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांतल्या ६७ क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव आहे 'एशिया'. आशिया खंडातून शोध लागलेला हा पहिलाच लघुग्रह, आणि तो सापडला आपल्या मद्रासला, १७ एप्रिल १८६१ रोजी!

शोधणारे होते नॉर्मन पॉगसन. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते मद्रासच्या वेधशाळेत रुजू झाले होते. त्या काळी या कामात कॅमेरा आलेला नव्हता. दुर्बिणीत दिसणारे तारे नकाशाशी ताडून पाहायचे. नकाशात नसलेला ठिपका आढळला की पुढच्या रात्री पुन्हा पाहायचे. तो जागचा हलला असेल, तर तो तारा नव्हे. वर्गाचा पट पाठ असलेल्या मास्तरांना नवीन मुलगा चटकन ओळखू येतो ना, तसेच हे. शोध एका रात्रीचा असला, तरी त्यामागे कित्येक रात्रींची ओळख असते.

एशियाचा व्यास सुमारे ६० किलोमीटर. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला पावणेचार वर्षे लागतात. पॉगसन यांनी मद्रासहून पुढे आणखी चार लघुग्रह शोधले. १८९१ साली तिथेच त्यांचे निधन झाले.

मला मात्र त्यांच्याबरोबर राबणाऱ्यांची आठवण ठेवावीशी वाटते. वेधशाळेतले सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली एक रूपविकारी तारा शोधला. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाची माहिती सामान्य लोकांना कळावी म्हणून त्यांनी पुस्तिकाही लिहिली. पॉगसन यांची कन्या आयसिस १८७३ पासून तिथे आकडेमोड करीत असे. वडिलांनी १८५६ साली ऑक्सफर्डहून शोधलेल्या लघुग्रहाचेही नाव आयसिसच. पण १८८६ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीसाठी वडिलांनी तिचे नाव सुचवले, तेव्हा ती स्त्री असल्यामुळे ते मान्य झाले नाही. सभासदत्व मिळाले ते १९२० साली. आकाशातल्या पटावर नाव लवकर चढले, माणसांच्या पटावर चढायला ३४ वर्षे गेली.

नातवंडांना लघुग्रहांची गोष्ट सांगाल, तेव्हा पॉगसन यांच्याबरोबर ही दोन नावेही जरूर सांगा.